समुद्रमंथनाचा पहिला फेरा

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी नियमित वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. "घरातले दिवे आपोआप लागत-विझत होते" असं कुणी लिहिलं की मी मनातल्या मनात म्हणते, बाई गं, न्यूट्रलची वायर ढिली आहे, वायरमनला बोलाव. "रात्री जिन्यात पावलं वाजली" – अहो, लाकडी जिना आहे, दिवसा तापतो, रात्री आकसतो, वाजणारच. आमचे हे विचारतात, एवढा रसभंग करायचा तर वाचतेस कशाला? आज त्याच सदरासाठी मी स्वतः लिहायला बसलेय म्हटल्यावर ते चहाचा कप घेऊन समोरच येऊन बसलेत आणि हसू दाबतायत. हसू देत. तुम्हीही हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि कुणाला कारण सापडलं तर खाली जरूर लिहा... मी खरंच वाट बघतेय.

माझं नाव नीलिमा. राहते कर्वेनगरला, नोकरी हिंजवडीत. यंत्रांच्या पोटात जे छोटे कॉम्प्युटर बसवलेले असतात, त्यांचं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पेशा. नवीन बोर्डावर, म्हणजे अशा छोट्या कॉम्प्युटरवर, ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची, ते सुरू होत नसेल तर का होत नाही ते शोधायचं. आढ्यता म्हणा हवं तर, पण आमच्याकडे जे बोर्ड कुणाकडूनच सुरू होत नाही ते शेवटी माझ्या टेबलावर येतं. आणि सुरू होऊनच जातं. त्यामुळे 'आपोआप' हा शब्द मला मान्य नाही. आपोआप काही होत नसतं, आपल्याला कारण माहीत नसतं एवढंच.

आता बाबांबद्दल. माझे वडील वसंतराव पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. आम्ही तेव्हा बुधवार पेठेला लागून असलेल्या एका गल्लीत राहायचो आणि त्या गल्लीच्या गणपती मंडळाचा हलता देखावा बाबांनी केलेला होता. मंडळाचं नाव लिहीत नाही, ज्यांनी तो देखावा पाहिलाय ते ओळखतीलच. समुद्रमंथन! मध्ये मंदार पर्वत, त्याला गुंडाळलेला वासुकी नाग, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दैत्य. देवांनी ओढलं की दैत्यांनी सैल सोडायचं, दैत्यांनी ओढलं की देवांनी. पर्वत घुसळत राहायचा आणि शेवटी धन्वंतरी अमृताचा कलश घेऊन वर यायचा. हे सगळं एका मोटरवर. मोटर एक मोठा लाकडी ड्रम फिरवायची, ड्रमवर बाबांनी तासून बसवलेले उंचवटे होते, ते उंचवटे दांडे ढकलायचे आणि दांड्यांनी मूर्ती हलायच्या. कॉम्प्युटर सोडा, त्यात साधा रेडिओचा भागसुद्धा नव्हता. नुसत्या लाकडात लिहिलेला प्रोग्रॅमच होता तो, आणि मला अजूनही त्यात एक चूक सापडलेली नाही.

बाबा स्वतःच्या कामाची परीक्षा एकाच गोष्टीवर करायचे. वासुकीला झोळ पडता कामा नये. नाग जरा लोंबला की ते देखावा थांबवायचे, समोर कितीही गर्दी असो.

आणि त्यांचा एक नियम होता. आधी हाताने, मग विजेने. दर वर्षी देखावा उभा राहिला की मोटर लावण्याआधी ड्रमचा पहिला फेरा हाताने घालायचा. त्यासाठी ड्रमला गिअर लावून एक हँडल केलेलं होतं. कुठे काही अडकत असेल तर हाताला कळतं, मोटरला कळत नाही. ती बिचारी ओढत राहते आणि मोडते, असं ते म्हणायचे. हा फेरा मी घालायची. मी अगदी लहान होते तेव्हापासून. त्या काळी मुली मांडवाच्या मागच्या बाजूला जात नसत, तिथे कार्यकर्त्यांचं राज्य. कुणीतरी कुरकुर केली. बाबांनी थेट पेंटरला गाठलं आणि मांडवाबाहेरच्या फलकावर, 'रचना : वसंतराव' याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहून घेतलं – 'पहिला फेरा : कु. नीलिमा.' गल्लीतून जाताना मी तो फलक वाचल्याशिवाय पुढे जात नसे. आज मी जी काही इंजिनियर आहे ती त्या एका ओळीमुळे आहे, आणि हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते.

माझं लग्न झालं त्या वर्षी फलक पुन्हा रंगवला गेला आणि ती ओळ गेली. "आता ती दुसऱ्या घरची," असं मंडळात ठरलं म्हणे. बाबा भांडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते पेंटरला एवढंच म्हणाले, "मग माझंही पुसा. अर्धवट फलक चांगला दिसत नाही." तेव्हापासून फलकावर फक्त 'समुद्रमंथन'. फेरा मात्र मीच घालत राहिले, कर्वेनगरहून येऊन, बाबा होते तोवर.

बाबा गेले आणि पुढची काही वर्षं देखावा मंडळातल्या पोरांनी चालवला. मोटर लावली की चालतंय ना, मग हाताने कोण फिरवतंय? मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. मग एका वर्षी एका दैत्याचा हात वासुकीत अडकला, मोटर ओढत राहिली आणि सगळ्या लोकांदेखत तो हात खांद्यातून निखळून खाली पडला. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांचा फोन आला. आमच्याच गल्लीतले, माझ्याहून थोडे मोठे. 

"नीलू, मूर्ती घेऊन जातेस का? नाहीतर मोडीत काढतोय. यंदा एलईडी स्क्रीनची भिंत आहे."

"का? देखाव्याला काय झालं?"

"काय झालं म्हणजे? दैत्याचा हात पडला. पुढच्या वेळी देवाचा पडला तर लोक आमचे पाडतील."

मी म्हटलं, मला एक संधी द्या. ड्रम काढून टाकते, प्रत्येक मूर्तीला स्वतंत्र छोटी मोटर लावते आणि सगळ्या मोटरी एका कॉम्प्युटरवर चालवते. कुठे अडकलं तर तो त्या क्षणी थांबेल. राजाभाऊ म्हणाले, "चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुझं मंथन चाललं पाहिजे. भिंतवाल्याला मी थांबवून ठेवतो. नाही चाललं तर भिंत उभी राहील, आणि पुन्हा हा विषय निघणार नाही." म्हणजे बाबांचं काम कायमचं भंगारात. आमच्या गल्लीत बोललेला शब्द फिरत नाही, हे मला ठाऊक होतं.

यासाठी रिअल-टाइम सिस्टिम लागणार होती, ती म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. आपल्या घरातला कॉम्प्युटर म्हणजे आपल्याकडचा प्लंबर. "येतो" म्हणतो आणि येतोही, पण कधी ते विचारायचं नाही. समुद्रमंथनात ते चालत नाही. देवांनी ओढलं त्याच क्षणी दैत्यांनी सोडलं पाहिजे, नाहीतर हात निखळतो. म्हणून तिथे रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम लागते, ती दिलेली वेळ पाळते म्हणजे पाळतेच. मी ती एका छोट्या बोर्डावर चढवली. बाबांच्या ड्रमवरचा एकेक उंचवटा मोजून त्याचे आकडे प्रोग्रॅममध्ये घातले. कर्वेनगरला डायनिंग टेबलवर सगळ्या मोटरी मांडून चालवून पाहिलं, लोण्यासारखं चाललं. बोर्ड डब्यात घालून मांडवात नेलं, जोडलं, वीज दिली...

आणि बूट होईना, म्हणजे बोर्ड सुरूच होईना.

बोर्ड सुरू होताना काय काय करतंय ते ओळीओळीने सांगत असतं आणि लॅपटॉप जोडला की त्या ओळी दिसतात. मेमरी सापडली, सिस्टिम असलेलं कार्ड सापडलं, मोटरींची कंट्रोल कार्डं सापडली – आणि आता मुख्य घड्याळ, म्हणजे टायमर, सुरू करतो, अशी एक ओळ. तिथे थांबायचं. ठप्प! बोर्ड असं गोठलं तर त्याला पुन्हा सुरू करणारं एक सर्किट असतं, ते थोडा वेळ वाट बघून त्याला उठवायचं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच ओळीवर. घड्याळ काही सुरू होत नव्हतं.

मी अजिबात घाबरले नव्हते, उलट मला जरा स्फुरणच चढलं होतं. हे माझं रोजचं काम. मांडवातली वीज कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा पहिला संशय तिच्यावर. विजेचं काम इम्तियाजभाईंकडे होतं. त्यांचे वडीलही याच मंडळाच्या लाइटिंगचं काम बघायचे आणि ते बाबांचे जिवलग दोस्त. इम्तियाजभाईंनी वेगळी लाइन दिली, अर्थिंग माझ्यासमोर तपासलं. तेच. मग मी विजेचा संबंधच तोडला आणि बोर्ड बॅटरीवर लावलं. तेच. मोटरींच्या सगळ्या वायरी काढल्या, नुसतं बोर्ड ठेवलं. तेच. कार्ड बदललं, सिस्टिम नव्याने चढवली, जुनी आवृत्ती चढवून पाहिली. तेच. मी नेहमी एक जादा बोर्ड जवळ ठेवते, ते लावलं. तेही त्याच ओळीवर अडलं. दोन्ही बोर्डं घरी आणली तर डायनिंग टेबलवर आज्ञाधारक मुलांसारखी सुरू झाली. परत मांडवात नेली – ठप्प.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातल्या सौरभला सोबत नेलं. माझ्या टीममधला सगळ्यात हुशार माणूस, कशावरही विश्वास न ठेवणारा, म्हणजे माझ्याच तालमीतला. त्याने सकाळभर सगळं नव्याने जोडून तपासलं आणि शेवटी मान हलवली.

"मॅडम, धिस मेक्स नो सेन्स. हार्डवेअर ओके, सॉफ्टवेअर ओके, पॉवर ओके. फक्त लोकेशन चेंज केलं की फेल. असा बग मी पाहिलाच नाहीये."

दुपार झाली. मांडवाच्या तोंडाशी राजाभाऊ फोनवर भिंतवाल्याशी बोलत होते आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलत होते. "हो, टेम्पो काढा तुम्ही. इथे अजून बघणंच चाललंय."

माझा संताप संताप झाला. देव आणि दैत्य दोन्हीकडे हात पुढे करून उभे होते, मध्ये वासुकी लोंबत होता... झोळ पडलेला. बाबांना ते दृश्य सहन झालं नसतं. मलाही होत नव्हतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी सौरभला दिसू दिलं नाही.

इम्तियाजभाई शिडीवरून खाली उतरले. मागे कोपऱ्यात ताडपत्रीखाली ड्रम होता. मी तो सगळ्या दांड्यांपासून सोडवून ठेवला होता, टाकून दिला नव्हता. ते म्हणाले, "ताई, एक बोलू? रागवू नका. वसंतकाका असते तर आतापर्यंत म्हणाले असते, फेरा घातलात का?"

"इम्तियाजभाई, ड्रम कशालाही जोडलेला नाहीये. लाकूड आहे ते नुसतं."

"ते मला पण माहितीये. अर्थिंग मी दिलंय ना इथलं."

मी ताडपत्री ओढून काढली. श्रद्धेने वगैरे नाही, चक्क रागाने. हँडल धरलं आणि गरागरा एक पूर्ण फेरा घातला. 'घ्या, घातला फेरा, आता काय?' असं म्हणणारच होते, तेवढ्यात मागून सौरभ ओरडला, "मॅडम! पुढे गेलं! टायमर स्टार्ट झाला!"

आणि वासुकी ताठ झाला. सगळे देव एकदम मागे कलले, सगळे दैत्य एकदम पुढे झुकले आणि आपापल्या सुरुवातीच्या जागेवर स्थिर झाले. बूट झाल्यावर आधी प्रत्येक मूर्तीने जागेवर यायचं, असं मीच लिहिलं होतं. पण आपणच लिहिलेलं बघूनही अंगावर काटा येतो, हे त्या दिवशी कळलं.

राजाभाऊ फोन कानाला तसाच धरून आत आले. "चाललं?"

"चाललं," मी म्हटलं. "सौरभ, बंद कर."

"काय? अगं, चालू झालंय ना? मग बंद कशाला करतेस?"

मी त्यांना सांगितलं की कारण न कळता चालू झालेलं यंत्र आणि बंद यंत्र यांत माझ्या लेखी काही फरक नाही. सौरभने बंद करून चालू केलं. त्याच ओळीवर ठप्प. मी सौरभला म्हटलं, तू ड्रम फिरव. त्याने फिरवला. काही नाही. इम्तियाजभाईंनी बिस्मिल्ला म्हणून फिरवला. काही नाही. राजाभाऊ "हा काय पोरखेळ" म्हणत म्हणत आले, बाह्या सरसावून त्यांनी फिरवला. काही नाही. मग मी फिरवला... आणि घड्याळ सुरू.

आता तुमच्या मनात जे जे येतंय ते ते आमच्या मनात आलं होतं. माझ्या अंगावरचं काहीतरी? फोन, घड्याळ, बांगड्या, सगळं काढून इम्तियाजभाईंच्या टूलबॉक्सवर ठेवलं. साडी सुती होती. फेऱ्याने मांडवाची फळी हादरून बोर्ड हलतं का? सौरभ फळीवर उड्या मारून दमला, बोर्ड ढिम्म. मग आम्ही ड्रम उचलून गल्लीपलीकडच्या मंडळाच्या खोलीत नेला. सौरभला मांडवात खोलीकडे पाठ करून बसवलं. खोलीत इम्तियाजभाई नाणं उडवायचे – छापा पडला तर मी फेरा घालायचा, काटा पडला तर नुसतं उभं राहायचं – आणि मग ते खिडकीतून पंचा हलवायचे. राजाभाऊ मांडवाच्या तोंडाशी उभे, ते पंचा बघून सौरभला "लाव" म्हणायचे. फेरा घातला की नाही ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही हे कंटाळा येईपर्यंत केलं. नंतर दोन्हीकडच्या नोंदींचा ताळा पाहिला. ज्या ज्या वेळी मी फेरा घातला होता त्या त्या वेळी बूट झालं होतं, बाकी एकदाही नाही.

सौरभने नोंदी पुन्हा एकदा तपासल्या. एवढा बोलका मुलगा, पण त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, हे रिपोर्टमध्ये काय लिहायचं?"

"काही लिहू नकोस," मी म्हटलं.

राजाभाऊंनी फोन लावला आणि भिंतवाल्याला म्हणाले, "टेम्पो परत फिरवा. नाही, नाही, रद्द. कारण? कारण इथे कुणालाच माहीत नाही, तुम्हाला काय सांगू?"

देखावा उघडला त्या संध्याकाळी मी आईला घेऊन गेले होते. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. इम्तियाजभाईंनी पुढे एक खुर्ची टाकून आईला बसवलं. दिवे मंद झाले आणि मंथन सुरू झालं. बाबांच्या ड्रममधून एकेक करून काढलेले ते आकडे, आता माझ्या प्रोग्रॅममधून मूर्तींच्या हातांत उतरत होते. धन्वंतरी कलश घेऊन वर आला तेव्हा टाळ्यांनी गल्ली दणाणली. आई मूर्तींकडे बघतच नव्हती. तिची नजर सगळा वेळ नागावर होती. संपल्यावर ती म्हणाली, "झोळ नाही पडला हो." मला आजवर जी काही बक्षिसं मिळाली, ती सगळी एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे.

त्यानंतर दर वर्षी मी रजा टाकून जायची, फेरा घालायची, देखावा सुरू व्हायचा, आणि मग विसर्जनापर्यंत बोर्डाची वीज कुणी तोडायची नाही. गणपतीच्या आधी माझ्या टीमची मीटिंग ठेवायची नाही, हे आता ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. ती ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनाही मी सगळं सविस्तर कळवलं – ड्रमचा भाग सोडून. त्यांनी अतिशय सौजन्याने उत्तर दिलं की पॉवर सप्लाय तपासा. सौरभने एकदा स्वतःच्या खटपटीने वेगळ्याच कंपनीचं बोर्ड आणून लावलं. तेही मांडवात माझ्याच फेऱ्यासाठी अडून बसलं. तो म्हणाला, मॅडम, आता मी हा प्रश्न सोडून दिला, मला झोप हवीये. परत आम्ही जुनंच बोर्ड लावलं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

राजाभाऊंनी अध्यक्षपद सोडायचं ठरवलं होतं. जाता जाता त्यांनी मांडवाबाहेरचा फलक नव्याने रंगवून घेतला. मला कुणी काही बोललं नव्हतं. चतुर्थीच्या आदल्या दुपारी मी नेहमीसारखी रिक्षातून उतरले आणि गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिले. वर मोठ्या अक्षरांत 'समुद्रमंथन'. त्याखाली 'रचना : कै. वसंतराव'. आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात – 'पहिला फेरा : नीलिमा'.

राजाभाऊ फलकाखाली उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कु. लिहायचं की सौ., ते ठरेना. म्हणून नुसतं नाव घातलं."

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"तेव्हा पेंटरला पुसायला सांगणारा मीच होतो," ते पुढे म्हणाले. "वसंतकाकांनी त्यानंतर मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. जा आता आत, बोर्ड वाट बघत असेल."

मी आत गेले. ड्रमवरची ताडपत्री काढली, पदर खोचला आणि हँडलवर हात ठेवला. अजून फिरवलं नव्हतं. तेवढ्यात बाहेरून इम्तियाजभाईंचा आवाज आला, "ताई, लाइन दिली बरं का!" – आणि माझ्यासमोर वासुकी ताठ झाला. देव मागे कलले, दैत्य पुढे झुकले, सगळे आपापल्या जागेवर स्थिर. मी ड्रमला हातही लावला... म्हणजे हात लावला होता, फेरा घातला नव्हता.

मी बंद केलं, पुन्हा लावलं. बूट झालं. इम्तियाजभाईंना आत बोलावलं, त्यांनी लावलं, बूट झालं. सौरभला फोन केला, तो हिंजवडीहून त्या ट्रॅफिकमधून धावत आला आणि त्यानेही लावलं. झालं. तेच बोर्ड, तेच कार्ड, तीच सिस्टिम. मध्ये एका अक्षराचाही बदल मी केला नव्हता; अक्षरं बदलली होती ती फक्त बाहेरच्या फलकावर. विसर्जनापर्यंत ते एकदाही अडलं नाही, आणि यंदाही नाही. इतकी वर्षं न सुटलेला बग कुणी हात न लावता सुटला, असं माझ्या उभ्या नोकरीत कधी झालेलं नाही. सौरभ म्हणतो ओलावा असेल, एखादा जोड ढिला असेल. दोन्ही त्यानेच पूर्वी तपासून बाद केलं होतं, हे त्यालाही माहीत आहे. माझ्याकडे उत्तर नाही. बाबा हट्टी होते, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते.

त्या दुपारी सगळं सुरू झाल्यावर मी कितीतरी वेळ ड्रमशेजारी उभी होते. सौरभ म्हणाला, "मॅडम, आता नाही फिरवलं तरी चालतंय."

मी त्याला गल्लीच्या तोंडाशी नेऊन फलक दाखवला. मग परत आत आले आणि सावकाश, अगदी बाबांनी शिकवल्यासारखा, एक पूर्ण फेरा घातला. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हटल्यावर घालायलाच हवा.